ओठ पुढे, आवाज मागे

लग्नाच्या जुन्या सीडीत नवरी उखाणा घेते तेवढी दहा-पंधरा सेकंदं बघावीत, पुढच्या तीन तासांचा अंदाज येतो. वरातीत बँड वाजत असतो, हळदीवर सिनेमाचं गाणं चढवलेलं असतं, पंगतीत नुसता गलका. तिथं आवाज अर्धा सेकंद सरकला तरी कुणाला पत्ता लागत नाही. उखाण्याला मात्र कॅमेरा चेहऱ्यावर असतो, भोवतालच्या बायका गप्प झालेल्या असतात, आणि नवऱ्याचं नाव ओठांवरून निघून गेल्यावर मग कानावर येतं. सातारा-सांगलीकडच्या फोटो स्टुडिओत जुनी सीडी पेन ड्राइव्हमध्ये भरून घ्यायला येणारं गिऱ्हाईक हीच तक्रार घेऊन परत येतं: आवाज मागं-पुढं होतोय. त्यावर ठरलेलं उत्तर, ‘मूळ सीडीतच तसं आहे.’ कधीकधी ते खरंही असतं. पण तीच सीडी माळ्यावरच्या जुन्या प्लेअरवर लावली तर पुष्कळदा ओठ आणि शब्द बरोबर जुळतात. म्हणजे बिघाड सीडीत नव्हता, ती बाहेर काढताना झाला.

हा बिघाड एकाच जातीचा नाही. त्याचे निदान चार प्रकार आहेत, प्रत्येकाचं कारण निराळं आणि उपायही निराळा. दुकानात सर्रास होतं ते असं की प्रकार न ओळखता आवाज थोडा पुढं ओढला जातो. सुरुवात जुळते, गिऱ्हाईक समाधानानं जातं आणि घरी गेल्यावर दुसऱ्या तासात पुन्हा ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. शिवाय जुळवताना आवाज हलवायचा की चित्र, हाही प्रश्न आहे. तो तांत्रिक वाटतो, पण खरं तर समोर काय रेकॉर्ड झालंय याच्यावर त्याचं उत्तर ठरतं. गाण्याबजावण्याच्या या मुलखात ते उत्तर बहुतेक वेळा उलटं दिलं जातं असं माझं मत आहे. त्याकडे पुढं येतो.

पट्टी एक होती तेव्हा

सिनेमा फिल्मवर होता तोवर हा प्रश्न यंत्राच्या रचनेतच सुटलेला होता. ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर चित्राच्या कडेला आवाजाची पट्टी छापलेली असते. प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी वर आणि आवाज वाचणारा दिवा तिच्या खाली, म्हणून कोणत्याही चित्राचा आवाज वीस-एकवीस फ्रेम पुढं छापतात. यात्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या ऑपरेटरनं मधली सैल लूप चुकीची ठेवली, तरच आवाज ढळायचा. ती नीट बसवली की पुन्हा जागेवर. फिल्म तुटली आणि चार फ्रेम कापून चिकटवली, तर चित्राबरोबर तेवढाच आवाजही गेला. तिथं एक धक्का बसेल, पण पुढचं सगळं जुळलेलंच राहील. व्हीएचएस कॅसेटचंही तसंच. फीत ताणली, बुरशी चढली, चित्रात पांढऱ्या रेघा आल्या, आवाज घोगरा झाला, तरी दोन्ही एकाच फितीवर असल्यामुळं ती एकमेकांना सोडून जात नाहीत.

डिस्कवर ही गाठ सुटली. व्हीसीडी असो वा डीव्हीडी, चित्र वेगळं दाबून भरलेलं, आवाज वेगळा, आणि दोघांचे छोटे तुकडे आलटूनपालटून एका रांगेत लावलेले. कोणतं चित्र कधी दाखवायचं आणि कोणता आवाज कधी वाजवायचा, ते त्या तुकड्यांवर आकड्यांनी लिहिलेलं असतं. सेकंदाचे ९०,००० भाग करणाऱ्या घड्याळावरचे हे आकडे. प्लेअर ते वाचतो आणि दोघांना त्या-त्या क्षणी बाहेर सोडतो. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरनं ते आकडे टाकून दिले आणि ‘दोन्ही शून्यापासून सुरू, दोन्ही अखंड’ असं धरून चाललं, की गोंधळ सुरू झाला. पुढच्या बहुतेक भानगडींचं मूळ इथंच आहे.

कॉपीची कॉपी

या भागातल्या घरांत व्हिडिओ ज्या वाटेनं आला, ती वाट लक्षात घेतल्याशिवाय कोणतीही डिस्क हातात धरू नये. आधी व्हिडिओ सेंटरचा काळ होता: व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणायचा, वर्गणी काढायची आणि रात्रीत तीन पिक्चर संपवायचे. मग लग्नाचं शूटिंग आलं. खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा, मागं हॅलोजन धरून पळणारा पोरगा, आणि महिना-दोन महिन्यांनी ‘मिक्सिंग’ होऊन हातात पडणारी कॅसेट. १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी व्हीसीडीचं मानक ठरवलं. युरोप-अमेरिकेनं तिला फारसं जवळ केलं नाही. आशियानं मात्र उचलून धरलं, कारण प्लेअर स्वस्त होता आणि सीडी कॉम्प्युटरवर राइट करता यायची. एका सीडीत ७४ ते ८० मिनिटं बसतात, तेव्हा तीन तासांचं लग्न तीन सीडींत. डीव्हीडी १९९६ साली जपानात आली. आपल्या तालुक्यांच्या गावांत ती पोचायला बराच वेळ गेला. त्यानंतर पेन ड्राइव्ह, आणि आता थेट मोबाइल.

खानापूर, आटपाडी, तासगाव, आणि साताऱ्याच्या बाजूला माण-खटाव, इथले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यानं देशभर पसरलेले आहेत. लग्नं मात्र गावाकडं होतात. त्यामुळं एका लग्नाच्या सीडीच्या कॉप्या विट्यात, तमिळनाडूत, केरळात अशा विखुरलेल्या असतात. हा तपशील पुढं फार कामाला येतो.

व्हीएचएसवरून व्हीसीडी झाली, तीच व्हीसीडी पुढं ‘डीव्हीडी करून द्या’ म्हणून डीव्हीडी झाली, डीव्हीडीची एव्हीआय, एव्हीआयची एमपीफोर, आणि तीही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली. प्रत्येक पायरीला चित्र विटतं हे सगळ्यांना दिसतं. आवाजाची चूक साठत जाते, ते कळत नाही. व्हीसीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा, डीव्हीडीचा ४८,००० नमुन्यांचा. दोन्हींतलं रूपांतर आज सरळ आहे, पण सॉफ्टवेअरनं रूपांतर न करता नुसती पाटी बदलली तर आवाज जवळजवळ नऊ टक्के वेगानं पळतो आणि बाप्यांचे आवाज पोरांसारखे येतात. ही चूक एवढी ढोबळ आहे की लगेच पकडली जाते. बारीक चुका पकडल्या जात नाहीत. म्हणून पहिला नियम: हातातली सर्वांत नवी फाइल दुरुस्त करायला घेऊ नका, सर्वांत जुनी प्रत शोधा.

कानाला किती खपतं

आवाज किती सरकला तर माणसाला कळतो, याची मोजदाद झालेली आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढं गेला तर जाणवू लागतो. मागं पडला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे आवाज फार तर एक फ्रेम पुढं आणि तीन फ्रेम मागं चालतो.

हा पंक्तिप्रपंच निसर्गानंच केलाय. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, प्रकाशाला जवळजवळ वेळच लागत नाही. यात्रेतल्या तमाशाच्या फडात मागच्या बाजूला, बोर्डापासून ३४ मीटरवर बसलेल्या माणसाला ढोलकीची थाप दिसल्यानंतर एक दशांश सेकंदानं ऐकू येते, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आवाज आधी आणि थाप मागून, असं जगात कुठंच घडत नाही, म्हणून ते लगेच खुपतं. जुळवणी करणाऱ्यानं यातून एवढं घ्यावं: मन साशंक असेल तेव्हा आवाज एक फ्रेम मागं ठेवावा, पुढं कधीच नाही.

याच कारणानं काही रेकॉर्डिंग मुळातच थोडी मागं असतात, आणि तो दोष नव्हे. मंगल कार्यालयात भटजी मंगलाष्टकं माइकवर म्हणतात, कॅमेऱ्याचा माइक तो आवाज दूरच्या कर्ण्यातून उचलतो. नाट्यगृहात शेवटच्या रांगेमागं तिकाटणं लावून नाटक टिपलं, तरी तसंच. उलट त्याच नाटकाचा आवाज थेट मिक्सरवरून घेतला तर तो वेळेवर येतो. आणि दोन कॅमेरे, एक जवळ, एक लांब, दोघांचेही आवाज एकत्र ठेवले की घुमारा येतो. हा घुमारा डिस्कचा दोष समजून तासन्‌तास सॉफ्टवेअरशी झटापट केली जाते. खरं तर एक आवाज बंद करणं पुरेसं असतं.

आणखी एक गाळणी आधीच लावावी. फाइल बिघडलीय की वाजवणारं यंत्र? ब्लूटूथ स्पीकर आवाज सहज शे-दोनशे मिलिसेकंद उशिरा सोडतो. मोठे टीव्ही चित्र ‘सुधारून’ दाखवण्यात वेळ घालवतात आणि बाहेरच्या साउंड सिस्टिमवर आवाज आधी पोचतो. तीच फाइल कॉम्प्युटरवर, तारेच्या हेडफोननं बघावी. तिथं जुळत असेल तर फाइलला हात लावू नये.

चार दोष, चार उपाय

निदान करायला उपकरण लागत नाही. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन जागा शोधायच्या, जिथं आवाज होताना दिसतो: टाळी, नारळ फोडणं, ताशावरची काडी, ढोलकीवरची थाप. ओठांपेक्षा हात बरा, कारण आघात एका फ्रेमवर धरता येतो. आणि सिनेमाच्या गाण्यावर तर मुळीच तपासू नये. पार्श्वगायन आणि डबिंग आल्यापासून पडद्यावरचे ओठ आणि आवाज हे दोन वेगळ्या खोल्यांत तयार झालेले असतात. मूळ प्रिंटमध्येच जे जुळलं नाही, ते डिस्कवर कसं जुळणार? १९३२च्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’पर्यंत मागं गेलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा नट सेटवर गातच असत.

तीन जागी फरक सारखाच निघाला, समजा सगळीकडे ३०० मिलिसेकंद, तर हा सर्वांत सोपा प्रकार. डीव्हीडीच्या व्हीओबी फाइलमध्ये आवाज आणि चित्र एकाच क्षणी सुरू होतीलच असं नाही. आवाज किंचित आधी किंवा नंतर सुरू होतो आणि तो फरक आकड्यांत नोंदलेला असतो. चित्र-आवाज वेगळे काढताना डीजीइंडेक्ससारखं साधन हा फरक आवाजाच्या फाइलच्या नावातच लिहून ठेवतं. तो दुर्लक्षून दोन्ही पुन्हा जोडली की कायमचा फरक राहतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये जे आणि के या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या पावलांनी मागं-पुढं करता येतो. तिथं आकडा सापडला की एमकेव्हीटूलनिक्समध्ये तेवढा विलंब द्यायचा. चित्र किंवा आवाज पुन्हा दाबावा लागत नाही, काम दोन मिनिटांचं. मेख एवढीच की टीव्हीच्या यूएसबीत लावल्यावर काही टीव्ही हा लिहिलेला विलंब वाचतच नाहीत. मग आवाजाच्या आरंभाला खरीखुरी शांतता जोडावी किंवा तेवढा तुकडा कापावा लागतो. डॉल्बीचा आवाज ३२ मिलिसेकंदांच्या ठोकळ्यांत असतो, तेव्हा कापणी त्या पटीत होते. उरणारी चूक १६ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे कानाच्या खिजगणतीत नाही.

सुरुवातीला शून्य, मध्ये अर्धा सेकंद, शेवटी एक सेकंद, असा फरक वाढत गेला तर तो घसरणीचा प्रकार. इथं आवाज आणि चित्र यांची घड्याळं वेगवेगळी चाललेली असतात. व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना चित्र कॅप्चर कार्डातून आणि आवाज साउंड कार्डातून घेतला असेल, तर दोन्ही कार्डांची घड्याळं हजारात दशांशभर जरी वेगळी असली तरी तासाला ०.३६ सेकंद फरक पडतो. तीन तासांच्या कॅसेटला सेकंदभर. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत सेकंदाला ३० नव्हे, २९.९७ फ्रेम असतात. सॉफ्टवेअरनं त्या ३० धरल्या तर तासाला ३.६ सेकंद जातात. ‘आपल्याकडं तर पाल’ म्हणून सुटका नाही. नातेवाइकानं अमेरिकेहून आणलेला कॅमेरा एनटीएससी असतो, आणि भारतीय चित्रपटांच्या डीव्हीडीसुद्धा पुष्कळदा एनटीएससीत निघाल्या, म्हणजे परदेशातही चालाव्यात.

घसरणीवर उपाय त्रैराशिकाचा. चित्राची लांबी भागिले आवाजाची लांबी, आणि येणाऱ्या गुणोत्तरानं आवाज ताणायचा. हे करताना जे लोक दर दहा मिनिटांनी आवाज कापून सरकवतात, ते दोष काढत नाहीत, लपवतात; कापलेल्या जागेजवळ जुळतं आणि पुढच्या कापापर्यंत पुन्हा ढळतं.

तिसरा प्रकार उड्यांचा. बारा मिनिटांपर्यंत सगळं नीट, मग एकदम पाऊण सेकंद फरक, तो तसाच चाळीस मिनिटांपर्यंत, तिथं पुन्हा उडी. व्हीसीडीच्या बाबतीत हाच प्रकार अधिक, आणि त्याचं कारण तिच्या घडणीत आहे. साध्या डेटा सीडीवर चूक दुरुस्त करणाऱ्या माहितीचा एक जादा थर असतो. व्हीसीडीवर जास्त मिनिटं बसावीत म्हणून चित्र-आवाजाच्या भागात तो थर काढून ती जागाही चित्राला दिली. म्हणूनच ७०० एमबीच्या सीडीत ८०० एमबीच्या आसपास व्हीसीडी मावते. चरा पडला की किंमत मोजावी लागते. जुना प्लेअर अशा जागी अडखळतो, चौकोन-चौकोन दाखवतो आणि पुढचे आकडे वाचून पुन्हा जुळवून घेतो. कॉम्प्युटरवर मात्र डॅट फाइल ओढून घेताना खराब भाग गळतो. चित्र साधारण अर्ध्या सेकंदाच्या गटांत दाबलेलं असतं, गटाचं पहिलं चित्र गेलं की सगळा गट निरुपयोगी. आवाजाचे तुकडे २६ मिलिसेकंदांचे, त्यातले दोन-तीनच जातात. गळालेलं वगळून उरलेलं सलग जोडणाऱ्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक चऱ्याला चित्र जवळजवळ अर्ध्या सेकंदानं पुढं नेलं. पाच चरे, दोन-अडीच सेकंद. डीव्हीडीला दुरुस्तीची माहिती भक्कम, पण तिथं उड्या वेगळ्या कारणानं येतात. मोठी व्हीओबी एक-एक जीबीच्या फाइलींत तोडलेली असते आणि एका डिस्कवर मेनू, हळद, लग्न, वरात असे स्वतंत्र भाग असतात. भाग बदलला की घड्याळ पुन्हा शून्यावर. सगळ्या व्हीओबी आंधळेपणानं एकापुढं एक चिकटवल्या तर सांध्यासांध्याला उडी. त्या फाइलींसोबतच्या आयएफओ फाइली रस्ता सांगतात. मेकएमकेव्ही किंवा हँडब्रेकला अख्खा व्हिडिओ-टीएस फोल्डर दिला की बहुतेक डिस्का निमूट उतरतात.

चौथा प्रकार ज्याला काही नियमच दिसत नाही असा: कधी पुढं, कधी मागं. दोन हजारच्या दशकातल्या एव्हीआय फाइली यात येतात. एव्हीआयमध्ये तुकड्यांवर वेळ लिहिण्याची सोय नाही, आणि कमीजास्त बिटरेटचा एमपीथ्री आवाज त्यात कोंबला की प्लेअर अंदाजपंचे चालतो. मोबाइलचं शूटिंगही इथंच मोडतं. मांडवात उजेड कमी झाला की फोन फ्रेम कमी टिपतो, उजेड वाढला की जास्त. हे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरनं सरसकट ३० फ्रेम धरलं की संपलं. आधी स्थिर फ्रेम-वेगाची फाइल करून घ्यावी, हँडब्रेकमध्ये त्याचा पर्याय आहे, आणि मगच मिक्सिंगला हात घालावा.

प्रत्यक्षात एका डिस्कवर दोन-तीन प्रकार एकत्र नांदतात. आधी उड्या काढाव्यात, मग घसरण, शेवटी कायमचा फरक. क्रम उलटा केला तर आपण कशावर इलाज करतोय तेच कळेनासं होतं.

आवाज हलवायचा की चित्र?

दुकानांत चित्र जागेवर ठेवून आवाज हलवतात. कारण सरळ आहे: आवाज हलवणं स्वस्त, चित्र हलवलं तर ते पुन्हा दाबावं लागतं, वेळ लागतो, दर्जाही थोडा घसरतो. लग्नासाठी ही पद्धत चालेल. पण या दोन जिल्ह्यांत डिस्कवर फक्त लग्नं नाहीत. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांच्यासारखी बैठकीची लावणी गाणारी बाई (त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या) एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर खेपेला डोळ्यांतून, हातातून नवा अर्थ काढते. शब्द उच्चारला जातो त्याच क्षणी भुवई उचलली जाणं हीच तिथं कला आहे. तीन फ्रेमचा फरक लग्नात खपेल. इथं अदा आणि शब्द यांची फारकत होते आणि बघणाऱ्याला वाटतं, बाई नुसतेच हातवारे करते आहे. कवलापूरच्या काळू-बाळूंसारख्या जोडीची बतावणी असो, आटपाडी-माणच्या माळरानावरचं गजीनृत्य असो, सगळीकडं तेच: पाय ढोलावर पडला पाहिजे.

अशा रेकॉर्डिंगात माझ्या मते आवाजाला कात्री लावायची नाही. उडी आली असेल तर चित्र थांबवून धरावं, एक फ्रेम अर्धा सेकंद गोठलेली दिसली तरी चालेल, पण तालाची मात्रा जाता कामा नये. दुकानदार याच्या बरोबर उलट करतो: चित्र अखंड दिसावं म्हणून आवाजातला अर्धा सेकंद काढतो, आणि झपतालाच्या एका आवर्तनात नऊच मात्रा उरतात. चित्रातला धक्का बघणारा विसरतो. सम चुकलेला तबला ऐकणारा विसरत नाही.

ताणण्याच्या बाबतीतही असंच. आवाज ताणायचे दोन रस्ते आहेत. एकात वेग आणि स्वर दोन्ही बरोबरीनं बदलतात, जुन्या टेपरेकॉर्डरसारखे. दुसऱ्यात वेग बदलतो, स्वर कायम राखला जातो. पण त्यासाठी सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक काप करून ते एकमेकांवर चढवतं, आणि ढोलकी-तबल्याची थाप त्यात बोथट होते. घड्याळाच्या घसरणीचा फरक एवढा सूक्ष्म असतो की पहिला रस्ताच बरा. हजारात दशांशभर स्वर चढला-उतरला तर तो कुणाच्याच कानाला कळत नाही. सिनेमाचा प्रश्न मोठा आहे. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमनं धावते, पाल २५नं. फिल्म नुसती वेगानं पळवून पाल डिस्कवर उतरवली, तर तीन तासांचा चित्रपट २ तास ५२ मिनिटं ४८ सेकंदांत संपतो आणि सगळे स्वर अर्ध्या स्वराच्या सुमारे ०.७ पट चढतात. पांढरी चारचा षड्ज काळी तीनच्या अंगणात जाऊन बसतो. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं ऐकणारे आणि त्याच गावात तंबोरे जुळवणारे कान यावर गप्प बसणार नाहीत. अशा डिस्कवरून फाइल करताना चित्र पुन्हा २४वर आणावं आणि आवाज पहिल्या रस्त्यानं, स्वरासकट, सावकाश करावा. ‘स्वर कायम ठेवा’ असा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये मोहक दिसतो. तो इथं चुकीचा स्वर कायम ठेवतो.

गढूळ पाणी आणि चांगली कॉपी

२००५, २०१९ आणि २०२१. या तीन पुरांनी सांगलीतल्या घरांतल्या कॅसेटी आणि सीड्यांची जेवढी वाट लावली तेवढी चऱ्यांनीही नसेल. कॅसेट गढूळ पाण्यात बुडाली की फितीच्या वेढ्यांत गाळ बसतो. डिस्क त्या मानानं चिवट, पण सीडी आणि डीव्हीडीत फरक आहे. सीडीचा माहितीचा थर छापील बाजूच्या पातळ वार्निशखाली असतो. म्हणून लोक चमकत्या बाजूला जपतात आणि नावं लिहिलेल्या बाजूला ओरखडे पाडतात, ते बरोबर उलटं आहे. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मध्ये असतो, वरून सुरक्षित, पण कडेनं ओल शिरली तर आतून गंजतो. धुवायची झाली तर साधं पाणी, किंचित साबण आणि मऊ फडकं. पुसायचं मधून कडेकडे, गोल गोल नाही. गोल पुसताना पडलेला चरा माहितीच्या वाटेवरच लांबवर पडतो आणि दुरुस्तीची माहिती तिथं हात टेकते.

धुतल्यावर पहिलं काम डिस्कची संपूर्ण प्रतिमा काढायचं, फाइल ओढून घ्यायचं नव्हे. डीडीरेस्क्यूसारखं साधन न वाचता आलेल्या जागांची नोंद ठेवतं, त्या जागा दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा वाचता येतात. व्हीसीडी असेल तर चित्राचे भाग त्यांच्या कच्च्या रूपात, पूर्ण आकारानं, वाचणारा पर्याय निवडावा लागतो. साध्या डेटा सीडीसारखी वाचली तर चित्रच कापलं जातं. आणि इथं गलाईवाल्या नातेवाइकांकडची कॉपी कामाला येते. स्टुडिओनं सगळ्या कॉप्या एकाच मूळ प्रतिमेवरून राइट केल्या असतील, तर त्या हुबेहूब सारख्या असतात. सांगलीतली कॉपी बाराव्या मिनिटाला खराब, कोइमतूरची चाळिसाव्या. दोघींच्या प्रतिमा एकमेकींत भरल्या की चरे नाहीसे होतात, आणि चऱ्यांबरोबर उड्याही. आवाज सरकवायची वेळच येत नाही. कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा हा उपाय सरस आहे, आणि त्याला लागतो फक्त एक फोन आणि कुरिअरचा खर्च.

वेळेचा हिशेब मात्र कुणालाच टळत नाही. तीन तासांचं लग्न नीट तपासायचं तर तीन जागा तरी बघाव्या लागतात, उड्या असतील तर सगळंच. पेन ड्राइव्हमध्ये भरून देण्याच्या दरात हे बसत नाही, तेव्हा स्टुडिओवाल्यालाही एकट्याला दोष देता येत नाही. गिऱ्हाइकानं निदान एवढं मागावं: तयार एमपीफोरबरोबर डिस्कची कच्ची प्रतिमाही पेन ड्राइव्हवर टाकून द्या. एमपीफोर बिघडलेली निघाली तर प्रतिमेवरून पुन्हा करता येते, डिस्क पुन्हा शोधावी लागत नाही.

ज्यांचं लग्न मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर झालं त्यांनी डिस्कच्याही मागं जावं. मिनी डीव्हीच्या फितीवर प्रत्येक फ्रेमबरोबर तिचा आवाज साठवलेला असतो आणि फायरवायरच्या तारेनं तो जसाच्या तसा कॉम्प्युटरवर येतो. मध्ये दोन कार्डांची घड्याळं नसल्यामुळं घसरणीला सहसा जागा राहत नाही. कॅमेऱ्याचा आवाज १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर ठेवलेला होता की १६ बिट, ४८वर, एवढं मात्र उतरवताना बघावं, कारण बऱ्याच जणांनी तो कारखान्यातून आला तसाच ठेवला होता. शूटिंगवाल्यांनी फिती परत वापरल्या नसतील तर त्या अजून कपाटात असू शकतात. अडचण फितीची नाही. नव्या कॉम्प्युटरांवर फायरवायरची जागाच नसते, आणि चालू स्थितीतला मिनी डीव्ही कॅमेरा, तार आणि जुना कॉम्प्युटर हे तिन्ही एका जागी असलेला स्टुडिओ शोधावा लागतो. तो सापडला तर फिती आधी तिथं द्याव्यात, डीव्हीडी मागाहून.